पंप ठीक होता, बिल मात्र १६,८४० रुपयांचं

१९ जुलै २०२४ रोजी एका अधिकृत डीलरच्या वर्कशॉपमध्ये मी १६,८४० रुपये भरून आमची गाडी सोडवून आणली. फ्युएल पंप खराब झाला म्हणून तो बदलला, असं बिलावर लिहिलं होतं. पंप खराब नव्हता. आणि खराब असता तरी तो वॉरंटीत फुकट बदलून मिळायला हवा होता. या दोन्ही गोष्टी मला तीन आठवड्यांनी कळल्या. पावसाळ्यात गोव्यात गाड्या बंद पडायचं प्रमाण वाढतं आणि हेच उत्तर आणखी कुणाला मिळू शकतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

गाडी २०२०ची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. घेताना वेगळे पैसे भरून पाच वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली होती. आम्ही म्हार्दोळला राहतो. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागतं आणि ते काम माझ्याकडे आहे. त्यामुळे गाडी एक दिवस जरी बंद राहिली तरी घर अडतं. ही अडचण मी वर्कशॉपमध्ये स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. आज वाटतं, ती सांगायला नको होती.

जुलैच्या सुरुवातीपासून जुन्या गोव्याहून कदंब पठाराकडे चढताना गाडी अडखळायची. पाय दाबला तरी जोर यायचा नाही, एकदोन झटके बसायचे आणि सपाटीला आली की पुन्हा सुरळीत चालायची. मग १६ तारखेला भोमच्या अरुंद रस्त्यात ती बंदच पडली. मागच्या सीटवर सासूबाई, बाहेर मुसळधार पाऊस, मागे बसगाड्यांचे हॉर्न. दहा मिनिटांनी किल्ली फिरवली तर चालू झाली. दुसऱ्या दिवशी मी ती वर्कशॉपला दिली.

दुपारी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचा फोन आला. "मॅडम, फ्युएल पंप गेलाय. टाकीत पाणीमिश्रित पेट्रोल सापडलं. भेसळीच्या पेट्रोलमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. एस्टिमेट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय, ओके लिहिलंत की काम सुरू करतो." मी इस्पितळाच्या बाकावर बसले होते. दोन दिवसांनी पुन्हा डायलिसिस होतं. मी 'ओके' लिहिलं. पुढे मी तक्रार केली तेव्हा तो एक शब्द 'ग्राहकाची लेखी संमती' म्हणून माझ्यासमोर धरण्यात आला.

पेट्रोलमध्ये पाणी असूच शकत नाही असं मी म्हणत नाही. आता पंपावर मिळतं ते २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की ते दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाला बसतात. म्हणून तर हे कारण लोकांना लगेच पटतं. पण तसं झालं असेल तर ते डोळ्यांना दिसतं. काचेच्या बाटलीत पेट्रोल काढून थोडा वेळ स्थिर ठेवलं की खाली वेगळा थर दिसायला हवा. मी गाडी आणायला गेले तेव्हा म्हटलं, मला ते पेट्रोल दाखवा. उत्तर आलं, "ते टाकून दिलं, टाकी साफ केली ना." बिलात 'टाकी सफाई' म्हणून १,८०० रुपये लावलेच होते.

जुना पंप मागितला. आधी म्हणाले भंगारात गेला. मी काउंटरसमोरून हलले नाही. माझ्या पैशांनी बदललेला भाग माझा आहे, तो घेतल्याशिवाय मी जाणार नाही, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. अर्ध्या तासाने एका पोऱ्याने तेलकट फडक्यात गुंडाळलेला पंप आणून दिला. त्या अर्ध्या तासाने पुढे मला वाचवलं.

९ ऑगस्टला गाडी पुन्हा बंद पडली, या वेळी खोर्लीजवळ. नवा पंप, तीच झटके मारायची तऱ्हा, तोच दहा मिनिटांचा खोळंबा. वर्कशॉपला फोन केला तर म्हणाले, आता इंजेक्टर बघावे लागतील, आणखी नऊदहा हजार धरून चला. त्या क्षणी माझा विश्वास उडाला. माझ्या यजमानांनी त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकला बोलावलं. त्यांचं फोंड्याजवळ छोटं गॅरेज आहे, पत्र्याचं छप्पर आणि दोन गाड्या मावतील एवढी जागा.

त्यांनी कुठलाही भाग उघडायच्या आधी मला मागच्या सीटजवळ कान द्यायला लावला आणि स्वतः किल्ली 'ऑन'वर फिरवली, इंजिन चालू न करता. सीटखालून दोनतीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली आणि थांबली. पेट्रोल गाडीत पंप टाकीच्या आत असतो, आणि बहुतेक गाड्यांत किल्ली फिरवताच तो क्षणभर चालून पाइपात दाब भरतो. हा आवाज कसा असतो तो प्रत्येकाने आपल्या गाडीत एकदा शांत जागी ऐकून ठेवावा. आवाजच येत नसेल तर फ्यूज, रिले, वायर आणि पंप यांपैकी काहीतरी गेलेलं असतं, आणि या चौघांत सगळ्यात महाग पंप असतो. येतो पण मंद येतो, तर पंपाला वीज पुरेशी पोचते का हे आधी बघायचं.

मग त्यांनी सीट काढली. खालचा गालिचा ओला होता. आत कित्येक दिवस कुबट वास येत होता, मी तो पावसाळ्याचा वास समजत होते. मागच्या दाराचं रबर एका जागी सुटून पाणी आत झिरपत होतं. गालिचा उचलला तशी गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेली एक काळी वायर दिसली. तिच्या टोकाच्या कडीवर, न वापरलेल्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा थर चढला होता आणि खालचा पत्रा गंजून पापुद्रे सुटले होते. ही पंपाची अर्थिंगची वायर.

इंजिन चालू ठेवून त्यांनी मीटर लावला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट. पंपाला वीज पोचवणाऱ्या प्लगवर ९.२. मग एक टोक त्या काळ्या वायरवर आणि दुसरं कोऱ्या पत्र्यावर ठेवलं. तिथे आकडा जवळजवळ शून्य दिसायला हवा, दिसला ४.६. म्हणजे पंपासाठी निघालेली जवळपास एक तृतीयांश वीज त्या गंजलेल्या जोडातच खर्च होत होती. कमी विजेवर पंप हळू फिरतो, दाब पडतो, आणि चढावर इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं तेव्हाच ते उपाशी राहतं. जोड तापला की परिस्थिती आणखी बिघडते, निवला की गाडी पुन्हा चालू होते. माझे सगळे अनुभव त्या एका मीटरच्या आकड्यात बसले. "पंपाक कांयच जावंक ना, बाय," ते म्हणाले. पंपाला काहीच झालेलं नाही.

पत्रा घासून, वायरला नवीन कडी (थिंबल) लावून, रबर चिकटवून त्यांनी ४५० रुपये घेतले. मग मी जपून ठेवलेला जुना पंप त्यांनी आपल्या साधनांवर दाबाचं गेज लावून तपासला. (हे घरी कुणी करू नये, पेट्रोलच्या वाफा एका ठिणगीने पेटतात.) साडेतीन बार दाब आला आणि बंद केल्यावरही टिकून राहिला. बहुतेक पेट्रोल गाड्यांना ३ ते ४ बारच लागतो. मी त्या गेजचा आणि मीटरचा व्हिडिओ काढला.

रात्री घरी सगळे कागद काढून बसले तेव्हा सगळ्यात मोठा पुरावा डोळ्यांसमोरच होता. गाडी आत घेताना जॉब कार्डावर किलोमीटरबरोबर पेट्रोलचा काटाही नोंदवतात. माझ्या कार्डावर पाऊण टाकी अशी खूण होती. बिल भरून बाहेर पडताना मी डॅशबोर्डचा फोटो काढला होता, किलोमीटरसाठी. त्यात काटा पाऊण टाकीवरच. टाकी रिकामी करून साफ केली, खराब पेट्रोल फेकून दिलं, तर हे पाऊण टाकी पेट्रोल आलं कुठून? नवीन पेट्रोल घातल्याचा एक पैसाही बिलात नव्हता. पाण्याचं पेट्रोल कधी सापडलंच नव्हतं. त्याशिवाय वॉरंटी नाकारता येत नव्हती, म्हणून ते कागदावर आणलं गेलं. माझा राग पैशांवरून कमी आणि यावरून जास्त आहे. आजारी माणूस गाडीत असतं हे माहीत असूनही खरा बिघाड न शोधता त्यांनी गाडी मला परत दिली होती.

मी वर्कशॉप मॅनेजरला ईमेल केला, प्रत गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला. चार प्रश्न विचारले: पंपाचा दाब किती मोजला, प्लगवर व्होल्टेज किती होतं, पेट्रोलचा नमुना कुठे आहे, आणि काटा तिथेच कसा. पंधरा दिवस उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर नोटीस पाठवली, त्यात लिहिलं की पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. गणेश चवथ झाल्यावर मॅनेजरांचा स्वतःहून फोन आला. पंपाचे आणि टाकी सफाईचे मिळून १२,३०० रुपये परत केले. मजुरी परत केली नाही. सोबत सही करायला एक कागद दिला, त्यात 'ग्राहकाच्या गैरसमजातून' असे शब्द होते. ते शब्द खोडल्याशिवाय सही करणार नाही म्हटलं. त्यांनी दुसरा कागद छापून आणला.

या जूनमध्ये डिचोलीच्या माझ्या एका सहकाऱ्याला वेगळ्याच वर्कशॉपमधून फोन आला. पंप गेलाय, पेट्रोलमध्ये पाणी, वॉरंटीत बसत नाही. ते माझ्या टेबलाशी आले, फोन अजून हातात होता. मी म्हटलं, ओके लिहू नका. एवढंच लिहा: "पेट्रोलचा नमुना पारदर्शक बाटलीत काढून, माझ्यासमोर सील करून ठेवा. पंपाचा दाब आणि प्लगचं व्होल्टेज जॉब कार्डावर लिहा. मी तासाभरात येतो." त्यांनी ते लिहिलं आणि निघाले. ते मांडवीचा पूल ओलांडायच्या आतच त्यांना मेसेज आला की पंप वॉरंटीत बदलून देत आहोत, यायची गरज नाही.

ते तरीही गेले.