भाव ठरल्याशिवाय पुडी कुटू देऊ नका

एकूण २०,६५० रुपये. ३,५०० रोख आणि १७,१५० फोनवरून. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरी तो सांगायला मला नऊ दिवस लागले.

माझा मुलगा सात वर्षांचा. त्याला इसब आहे, कोपरांच्या घडीत आणि गुडघ्यांच्या मागे. रात्रभर खाजवतो, लस येते, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. दोन वर्षं सलग झोप न झालेली आई स्वारगेटच्या स्टॉपवर परक्या माणसाचं का ऐकते, हे ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनाच कळेल. बाकीच्यांनी मला अक्कल शिकवू नये.

माणूस पन्नाशीचा, सोबत बाई. "ताई, बाळाला इसब आहे ना? आमच्या मुलीला अस्संच होतं. गुडघ्यामागे पण असेल बघा." मुलाने फुल पँट घातलेली होती. मी चाटच पडले, याला कसं कळलं! अहो, लहान मुलांच्या इसबाची जागाच ती. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हे मला सांगितलं होतं. तरी तेव्हा डोक्यात आलं नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. त्याने नेलेलं दुकान, तिथे बसलेले "वैद्य", त्यांची चिठ्ठी. विचर्चिका आहे म्हणाले, रक्तशुद्धी करावी लागेल. शब्द खरा आहे, आयुर्वेदात इसबाला तेच म्हणतात. खरा शब्द ऐकला आणि माझा विश्वास बसला. चूर्णाचा भाव विचारला तर "ऐंशी रुपये". मला वाटलं, पुडीचे.

आणि इथेच मला कळायला हवं होतं. दुकानदाराने तीन बरण्यांमधलं काढून एकाच खलात ओतलं आणि बत्ता चालू केला. मी दोनदा म्हटलं, "आधी एकूण किती ते सांगा." त्याने मान वर केली नाही. स्टॉपवरचा माणूस मात्र त्याच्याकडे बघून पटकन म्हणाला, "ताई, आधी मिसळू द्या." याला काय घाई होती? त्याच्या मुलीचं औषध होतं का ते? मुलाचा हात धरून तेव्हाच बाहेर पडायला हवं होतं. रोज रात्री तो बत्त्याचा आवाज आठवतो.

ऐंशी रुपये ग्रॅमचे निघाले. २४० ग्रॅम, १९,२०० रुपये. वर तेलाची बाटली १,४५०. "कुटलेलं परत घेत नाही." तोवर दारात दोन माणसं येऊन उभी राहिली होती. मुलगा सोबत. दिले पैसे.

चार दिवसांत खाज थांबली. पोरगं रात्रभर झोपलं. मी जावेलाही फोन करून सांगितलं, याची लाज सगळ्यात जास्त वाटते. तीन आठवड्यांनी गाल सुजल्यासारखे गोल दिसायला लागले. मी घाबरून चूर्ण बंद केलं, तर दुप्पट उसळलं, मानेवर, पोटावरसुद्धा. डॉक्टर म्हणाले, चूर्णात स्टिरॉइड असणार. असं चूर्ण सुरू असेल तर एकदम बंद करू नका, पुडी घेऊन आधी डॉक्टरकडे जा. त्यांनी पूर्वी लिहून दिलेलं मलम मी स्टिरॉइडच्या भीतीने कपाटात ठेवलं होतं. मापातल्याला घाबरले आणि बिनमापाचं पोराच्या पोटात घातलं.

चौकीत म्हणाले, तुम्ही स्वतः पैसे दिले, जबरदस्ती कुठे झाली? दारातल्या माणसांचं सांगितलं, तर "मारलं का त्यांनी?" अर्ज घेतला, पोच दिली नाही. औषधांची तक्रार घेतात त्या कार्यालयात दोन चकरा झाल्या, म्हणजे दोन अर्ध्या रजा. पहिल्यांदा साहेब बाहेर. दुसऱ्यांदा म्हणाले, उघडलेली पुडी नमुना म्हणून चालत नाही. मग बिल बघितलं. त्यावर "पूजा साहित्य" लिहिलंय! म्हणजे हे औषधच नाही, आमच्याकडे येत नाही. मी विचारलं, सात वर्षांच्या मुलाला कोणी चमच्याने पूजा साहित्य भरवतं का? २०१८ पासून कितीतरी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, आणि इथे भर रस्त्यावर पुडीत बांधून मिळतंय, ते कोणाकडे येतं? उत्तर नाही. अर्ज ठेवून जा.

बिल तिथल्या तिथे वाचा. पुडीवर परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटक, मुदत नसेल तर हात लावू नका, कुणी कितीही "जडीबुटी आहे, अपाय नाही" म्हणो. आयुर्वेदावर माझा राग नाही. आता नोंदणी असलेल्या वैद्यबाईंना दाखवलं, त्यांनीच सांगितलं की इसब मुळासकट जाईल असं म्हणणाऱ्याकडून उठून यायचं. ते आटोक्यात ठेवायचं असतं. कोमट पाण्याची थोडक्यात आंघोळ, अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर, सुती कपडे, नखं कापलेली. कडुलिंबाचा लेप ओल्या जखमेवर लावला तर पोरगं आणखी तळमळतं, तोही मी करून बसले आहे.

गेल्या गुरुवारी तो माणूस परत त्याच स्टॉपवर दिसला. एका बाईच्या कडेवरच्या बाळाचा हात धरून बोलत होता. मी रस्ता ओलांडून गेले आणि त्या बाईला माझ्या बिलाचा फोटो दाखवला. तो शिव्या देत निघून गेला. तुमच्याकडेही "पूजा साहित्य" लिहिलेलं बिल असेल तर फेकू नका. चार जणांचे अर्ज एकत्र गेले तर पोच तरी द्यावी लागेल.