सिव्हिलमधली सायकॉलॉजिस्ट: भाच्याच्या निमित्ताने आलेला अनुभव

आमचा भाचा १४ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. सिव्हिलला गेलो ते युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्रासाठी. उपचार वगैरे काही मिळतील अशी अपेक्षाच नव्हती. आता आठेक महिने झाले, म्हणून लिहितेय.

बोर्डाच्या दिवशी, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणी असते त्या वारी, मनोविकार विभागात पाय ठेवायला जागा नसते. चाचणीची खोली म्हणजे पडद्याने अडवलेला कोपरा, पलीकडे कोणाचं तरी भांडण चालू. तिथे मुलाने लक्ष द्यायचं कसं? पहिल्या दिवशी त्याने तोंडच उघडलं नाही. सायकॉलॉजिस्ट मॅडमनी जबरदस्ती केली नाही, गर्दी नसेल त्या दिवशी बोलावलं.

बिनेट-कामत ही बुद्ध्यांकाची चाचणी मुलाची घेतात. ही १९३० च्या दशकात धारवाडच्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतलेली, अजून चालते. दुसरी व्हाइनलँड, मूल रोजची कामं स्वतः किती करतं ते पाहणारी; तिचे प्रश्न आईला असतात. खरी गंमत इथे आहे. ताई प्रत्येक प्रश्नाला "करतो की, सगळं करतो". आंघोळ करतो, शर्ट घालतो, दुकानात जातो. लेकराला कमी म्हणायला कोणत्या आईची जीभ वळेल? पण त्या हिशोबाने गुण वाढतात आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी घसरते. मॅडम शांतपणे विचारायच्या, "स्वतःहून करतो, की तुम्ही उभ्या राहून करवून घेता?" "सुट्टे किती परत आले ते त्याला कळतं?" ताईचे डोळे भरले, पण उत्तरं खरी आली. मध्यम, ७५ टक्के असा निकाल लागला. संजय गांधी निराधार योजनेला किमान ४० लागतात, त्यामुळे तहसीलचा रस्ता मोकळा झाला. (उत्पन्नाच्या दाखल्याचं रामायण वेगळं.)

इथे बहुतेक लोक कार्ड घेतात आणि परत फिरकत नाहीत. ताईने विचारलं, "मॅडम, याला शिकवायचं कसं?" तिथून पुढे खरा फायदा झाला. शर्टाची बटणं: सगळी आपण लावायची, शेवटचं तेवढं त्याच्यासाठी सोडायचं. ते जमलं की शेवटची दोन. काम त्याच्या हातून पुरं होतं, म्हणून तो चिडत नाही. पावसाळा संपेपर्यंत सगळी बटणं तो एकटा लावायला लागला. आता दहा-वीसच्या नोटा ओळखणं चालू आहे.

तक्रार एकच, पण मोठी. मॅडमचा जवळपास सगळा वेळ प्रमाणपत्रांच्या चाचण्या खातात. त्या कंत्राटी, कंत्राट कधी संपेल याचा भरवसा नाही. शिकवण्याच्या भेटीला वीस मिनिटं मिळाली तरी नशीब. ताईला स्वतःला रात्री असह्य झालं तेव्हा तिने १४४१६ लावला. टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आणि मराठीत. निदान कोणीतरी ऐकून घेतलं.

जाणार असाल तर बोर्डाचा वार टाळून आधी नुसती ओपीडी गाठा. शाळेचे जुने कागद न्या. आणि चाचणीच्या रिपोर्टची झेरॉक्स तिथेच मागून घ्या. एकदा फाइल बोर्डाकडे गेली की तो कागद हाती लागणं मुश्किल.