सर्वाधिक मते की पसंतीक्रम?

सर्वाधिक मतांच्या पद्धतीत एका शिक्क्यावर काम भागते. प्रत्येक केंद्राची मोजणी स्वतंत्रपणे करता येते, बेरीज कुणालाही पडताळता येते. पण मतविभागणीचा डावही इथेच खेळतात: प्रतिस्पर्ध्याच्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेला डमी उमेदवार उभा करायचा, दोन-तीन टक्के मते खायची, की झाले काम.

पसंतीक्रमात मतदार 1, 2, 3 असे आकडे घालतो. कुणालाच निम्म्याहून जास्त मते नसतील, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. आयर्लंडच्या 1990 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत पहिल्या पसंतीत लेनिहन सुमारे 44 टक्क्यांवर, रॉबिन्सन 39 वर होत्या. तिसरे करी बाद झाले, त्यांची बहुतेक मते रॉबिन्सनना मिळाली आणि त्या जिंकल्या. दुसरी पसंती हवी असल्याने विरोधकाच्या मतदारांना दुखावणेही महागात पडते.

अडचणी आहेतच. फक्त 1 लिहून थांबलेली मतपत्रिका, तो उमेदवार बाद झाला, की पुढच्या फेरीत निकामी होते. 1 दोनदा लिहिला तर मत बादच. बाद करण्याचा क्रम सगळीकडचे आकडे एकत्र आल्यावरच ठरतो, म्हणून निकाल लांबतो आणि अफवांना वाव मिळतो. तरीही डमी उमेदवारांचा सुळसुळाट असेल तिथे पसंतीक्रमच बरा. खोट्या आश्वासनांवर मात्र दोन्ही पद्धती सारख्याच हतबल.