डोकेदुखी क्लिनिक, पाचपाखाडी, ठाणे : मॅडम एक नंबर, पण वेटिंग रूममध्येच डोकं उठतं

चार स्टार देतेय. पेशंट मी नाही, माझा नवरा, पण तो रिव्ह्यू वगैरे लिहिणाऱ्यातला नाही आणि त्याला इथे ओढत आणलं मीच, त्यामुळे मीच लिहितेय.

त्याचं डोकं कॉलेजपासून दुखतं. आधी महिन्यातून एखाद-दुसऱ्यांदा व्हायचं, एका बाजूला ठणका, उजेड नको, कुकरची शिट्टी नको, मग उलटी आणि मग झोप. आमच्या घरात याला एकच नाव, पित्त. सासूबाईंचं म्हणणं उलटी झाल्यावर बरं वाटतं ना, मग पित्तच, दुसरं काय असणार. मोरावळा झाला, कोकम झालं, कपाळाला सुंठेचा लेप झाला. मधे एका ठिकाणी सायनस म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स झाला, ऑफिसातल्या कोणीतरी मानेचा पट्टा घ्यायला लावला. पण गेल्या दोनेक वर्षांत प्रकारच बदलला. ऐरोलीला ऑफिस आहे त्याचं, ट्रान्सहार्बरने उतरेपर्यंत डोकं जड झालेलंच, रोजच्या रोज, ठणका नाही पण कोणी आवळून धरल्यासारखं, आणि बॅगेच्या चोरकप्प्यात कायम गोळ्यांची स्ट्रिप.

मॅडम न्यूरोलॉजिस्ट आहेत. पहिल्या भेटीत पाऊण तास तर नुसते प्रश्नच. एकाच बाजूला दुखतं की दोन्ही, जिना चढल्यावर वाढतं का, अंधारात बसावंसं वाटतं का, घोरता का, सकाळी उठतानाच दुखत असतं का, झोपेत दात खाता का, चहा किती. बीपी बघितलं, मान आणि कानशिलं दाबून बघितली, हातोडीने गुडघे ठोकले, आणि एका छोट्या टॉर्चसारख्या यंत्रातून डोळ्याच्या आतला पडदा बघितला. डोक्यातलं प्रेशर वाढलं असेल तर तिथे सूज दिसते म्हणाल्या. इतकी वर्षं इतके डॉक्टर झाले, कोणी डोळ्यात डोकावलं नव्हतं.

मग मेन प्रश्न आला. "महिन्यातले किती दिवस गोळी घेता? किती गोळ्या नाही, किती दिवस?" नवरा म्हणाला, "लागेल तेव्हाच." मी पर्समधून रिकाम्या स्ट्रिपा काढून टेबलावर ठेवल्या, त्याच्या बॅगेतून जमवलेल्या, आणि मॅडम हसल्या पण त्याला ओरडल्या नाहीत हे मला फार आवडलं.

त्यांनी समजावलं ते असं. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतंय आणि हे तीन महिन्यांच्या वर चाललंय तर ती रोजची, म्हणजे क्रॉनिक डोकेदुखी. हा एक आजार नाही, त्यात वेगवेगळे प्रकार येतात, आणि नवऱ्याचं मूळ मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी आहे, दुखण्याच्या दिवसांतले किमान ८ दिवस मायग्रेनचे असतील तर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. त्यावर दुसरं दुखणं चढलंय ते गोळ्यांचं. साधी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन महिन्यात १५ दिवस, आणि कॅफिन घातलेली कॉम्बिनेशनची गोळी, ट्रिप्टान किंवा अर्गोटामिनवाली (ही दोन्ही खास मायग्रेनच्या अटॅकवरची औषधं) असेल तर १० दिवसच, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की ज्यांना आधीच मायग्रेन आहे त्यांच्यात गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळीचा असर उतरला की दुखतं, दुखलं की गोळी, आणि मेंदूतली दुखणं जाणवणारी यंत्रणा आणखीच हळवी होत जाते. याच्या गोळीत कॅफिन होतं, वर ऑफिसच्या मशीनचा चहा वेगळाच.

पित्ताचंही मी मुद्दाम विचारलं, म्हटलं घरी जाऊन सांगायला हवं. तर मायग्रेनच्या अटॅकमध्ये पोटाचं कामच मंदावतं, म्हणून मळमळ, म्हणून उलटी, आणि म्हणूनच उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि लागू पडत नाही. म्हणजे पोटामुळे डोकं नाही, डोक्यामुळे पोट. सासूबाईंना अजून पटलेलं नाही हा भाग वेगळा.

नवऱ्याला एमआरआय हवाच होता. त्याशिवाय त्याला डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटत नाही. मॅडम म्हणाल्या तपासणी नॉर्मल आहे, इतक्या वर्षांचा पॅटर्न ओळखीचा आहे, आत्ता नको. पण कधी लगेच करायचा ते कागदावर लिहून दिलं. अचानक एका मिनिटात आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, दिसण्यात फरक, खोकल्यावर किंवा वाकल्यावर वाढणारं दुखणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. यातलं अचानकवालं किंवा लुळेपणावालं काही झालं तर क्लिनिकला फोन लावत बसू नका, थेट हॉस्पिटलला जा, असं स्पष्ट सांगितलं.

औषध म्हणाल तर जुनी गोळी पूर्ण बंद आणि रात्री ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. नवऱ्याने घरी येऊन नेटवर बघितलं आणि "ही तर डिप्रेशनची गोळी आहे, मी काय वेडा आहे का" म्हणून तमाशा. फोनवर असिस्टंटने शांतपणे सांगितलं की डिप्रेशनला डोस बराच जास्त लागतो, एवढ्या कमी डोसमध्ये ती दुखणं रोखण्यासाठी वापरतात. तोंडाला कोरड पडते, सकाळी सुस्ती असते, पहिले काही दिवस बाईक चालवू नका हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. फरक कळायला सहा-आठ आठवडे द्यावे लागतात तेही सांगितलं होतं, नाहीतर आम्ही पंधरवड्यात सोडून दिलं असतं. कारण गोळी बंद केल्यावर पहिला आठवडा भयानक गेला, दुखणं वाढलंच, चिडचिड, झोप नाही, मुलं बाबाच्या खोलीत जाईनात. हेही होणार असं सांगून ठेवलेलं, म्हणून तग धरला. (ज्यांना ट्रामाडॉल, कोडीनसारखी कडक पेनकिलर किंवा झोपेची वगैरे गोळी सुटत नाहीये त्यांनी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये, ते डॉक्टरच ठरवतात.)

डायरी ठेवायला सांगितली होती. आम्ही किचनमधल्या कालनिर्णयवरच खुणा केल्या, दुखलं तर फुली, गोळी घेतली तर गोल. आणि दोन महिन्यांत जे दिसलं ते कुठल्या मशीनमध्ये दिसलं नसतं, प्रत्येक संकष्टीला फुली! दिवसभर उपास, चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊला, तोपर्यंत पोटात चहा आणि वेफर्स. मॅडमनी उपास सोडा म्हटलं नाही, दुपारी दाणे, दूध, फळं नीट खा आणि पाणी प्या म्हटलं. त्यानंतर संकष्टीच्या फुल्या कमी झाल्यात, गेल्या नाहीत.

आता रोजचं आवळलेपण गेलंय. अटॅक अजून येतो पण आठवड्यातून एखादा, आणि तेव्हा लवकर दुखणं थांबवायची एक गोळी घ्यायची, आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही. बरं झालं असं मॅडमही म्हणत नाहीत, कंट्रोलमध्ये आहे म्हणतात. बोटॉक्सचं मी विचारलं, तर क्रॉनिक मायग्रेनलाच देतात, कपाळ, कानशील, मान, खांदे धरून ३१ जागी छोटी इंजेक्शनं, दर १२ आठवड्यांनी, आणि नवीन सीजीआरपीवाली (मायग्रेनचं दुखणं वाढवणारं शरीरातलं एक रसायन रोखणारी) इंजेक्शनंही आहेत, पण दोन्ही महाग आहेत आणि आधी साध्या औषधाने जमतंय का बघू म्हणाल्या. विकायची घाई नाही, हे आजकाल कुठे मिळतं.

एक स्टार कापलाय तो बाहेरच्या कारभारासाठी. सातची वेळ देऊन साडेआठला आत घेतात. डोकेदुखीचं क्लिनिक, आणि वेटिंग रूममध्ये डोळ्यात घुसणारे पांढरे एलईडी, फुल आवाजात मराठी न्यूज चॅनल, वर कोणीतरी लावलेलं कडक अत्तर किंवा रूम फ्रेशनर! समोरच्या बाई ओढणी डोळ्यांवर घेऊन बसल्या होत्या, शेवटी मीच उठून टीव्ही बंद केला तर रिसेप्शनवाल्या मुलीने परत लावला. हीच मुलगी निघताना फिजिओच्या सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारते. आत विचारून या, आम्हाला मॅडमनी मानेचे दोन व्यायाम घरीच करायला सांगितले होते, पॅकेजची गरज नव्हती.

फी हजाराच्या वर आहे, पण पंधरा दिवसांच्या आत रिपोर्ट दाखवायला गेलात तर परत घेत नाहीत. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा, खोकल्याची, ॲसिडिटीची, बीपीची, सगळी. सकाळची पहिली अपॉइंटमेंट मिळाली तर उत्तम, टीव्ही तेव्हा बंद असतो. गाडी नेऊ नका, संध्याकाळी तीन हात नाक्याच्या बाजूने यायलाच अर्धा तास जातो आणि गल्लीत पार्किंग नाहीच, स्टेशनवरून रिक्षा करा.