युरोप ते आशिया स्वस्त विमान: आठ महिने भाडी ताडून पाहिल्यावर

सिंगापूरच्या स्कूट या स्वस्त विमान कंपनीची अथेन्स आणि व्हिएन्नाहून सिंगापूरला, नॉर्वेच्या नॉर्सची युरोपातल्या दुसऱ्या शहरांतून बँकॉकला अशी विमानं आहेत, हे इथल्या वाचकांना ठाऊक असेलच. साइटच्या पहिल्या पानावर दिसणारं भाडं खरं किती पडतं, एवढंच इथे लिहितोय. आणि बराचसा राग बॅगेच्या मापावर आहे, हे आधीच सांगून टाकतो.

स्कूटच्या इकॉनॉमीत केबिन बॅग आणि हातातली पिशवी मिळून 10 किलो चालतं, बॅगेचं माप 54×38×23 सेंमी. अकरा-बारा तासांच्या प्रवासाला हे ठीक आहे. पण अथेन्सपर्यंत रायनएअर किंवा विझ या युरोपातल्या स्वस्त कंपन्यांनी, किंवा व्हिएन्नापर्यंत रायनएअरने पोहोचायचं असेल तर तिथे फुकट फक्त 40×30×20 ची पिशवी. म्हणजे लांबच्या विमानात फुकट चढणाऱ्या बॅगेला दोन तासांच्या विमानात पैसे पडतात. पैसे भरूनही भागत नाही. विझची विकतची केबिन बॅग 55×40×23, रायनएअरची 55×40×20. तीन सेंटीमीटर जाडीपायी तीच बॅग एकीकडे बसते आणि दुसरीकडे गेटवर दंड होतो. मी पाहिलेली, भाड्यांची तुलना करणारी एकही साइट हे दाखवत नाही, आणि याची मला खरोखर चीड येते. बॅग चाकं आणि हँडलसकट मोजा. कंपन्या तशीच मोजतात.

सुरुवातीला माझं मत होतं की दोन सुटी तिकिटं नेहमीच स्वस्त. त्याला कारण कर. ब्रिटनचा हवाई प्रवास कर तिकिटाच्या अंतिम ठिकाणावर लागतो: एप्रिल 2025 ते मार्च 2026 या वर्षात तो सिंगापूरला इकॉनॉमीत 94 पौंड होता, युरोपातल्या जवळच्या शहराला 13. लंडन–अथेन्स वेगळं काढलं की तेव्हा 81 पौंड वाचायचे. जर्मनीत असाच कर मे 2024 मध्ये सर्वांत लांबच्या अंतरांना 70.83 युरो झाला होता, ऑस्ट्रियात अगदी जवळचे प्रवास सोडले तर सरसकट 12. व्हिएन्ना स्वस्त वाटतं त्यात याचाही वाटा आहे.

हे मत पुढे बदललं. सुट्या तिकिटांत पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी काहीच देणं लागत नाही. पुढचं तिकीट बुडतं आणि नवं त्या दिवसाच्या भावाने घ्यावं लागतं. चेक-इन बॅग असेल तर ती बाहेर काढून पुन्हा द्यायची; बॅग घेणारं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, त्यामुळे चार तासांचं अंतर म्हणजे हातात तीनच. माझ्या हिशेबात सहा तासांपेक्षा कमी अंतर नको. शेवटचं विमान रात्रीचं असेल तर आदल्या दिवशीच पोहोचावं, आणि त्या मुक्कामाचा खर्च भाड्यातच धरावा.

20 किलोची बॅग दोन्ही बाजूंना घेतली की चित्र आणखी पालटतं. चिनी कंपन्यांच्या एका थांब्याच्या तिकिटात बहुतेकदा 23 किलो आणि जेवण धरलेलं असतं. शिवाय फेब्रुवारी 2022 नंतर युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, चिनी कंपन्यांना येतं. वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं. परतीच्या तिकिटात चिनी कंपन्या बजेट कंपन्यांना सहज मागे टाकतात. एकेरी प्रवासात मात्र बजेट कंपनीच बरी. तिची दोन एकेरी भाडी मिळूनच परतीचं भाडं होतं; इतरांचं एकेरी भाडं बऱ्याचदा परतीच्या निम्म्याहून पुष्कळ जास्त असतं. बॅगही एकाच बाजूला घेता येते. ती बुकिंग करतानाच घ्या, नंतर महाग पडते.

उशिराच्या भरपाईत एक खाच आहे. युरोपीय संघातून निघणारं विमान कोणत्याही कंपनीचं असो, 3,500 किमीहून लांबच्या प्रवासात चूक कंपनीची असेल तर तीन तासांपुढच्या उशिराला 600 युरो मिळतात. चार तासांच्या आत पोहोचलं तर निम्मे. येताना हा नियम फक्त युरोपीय कंपनीला लागतो. म्हणून अथेन्स–सिंगापूर जाताना स्कूटवर हक्क आहे, त्याच तिकिटावर परत येताना नाही. नॉर्सचं तसं नाही, दोन्ही बाजूंना हक्क राहतो.

व्हिसा लागणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. लंडनहून येऊन अथेन्समध्ये बॅग उचलायची तर शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, शिरावं लागतं. एकदाच प्रवेशाचा व्हिसा जाताना तिथेच वापरला जातो, आणि परतीत त्याच बॅगेसाठी तो पुन्हा लागतो.