बगॅस यार्डात मास्क भारी की पाण्याचा फवारा?

साखर कारखान्याच्या गिरणीतून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, निम्मं पाणीच असतं. ओल्या ढिगाच्या पोटात उष्णता वाढते आणि 50-60 अंशांत रमणारे जिवाणू फोफावतात. पुढे तोच ढीग वाळला आणि लोडरने उकरला, की त्यांचे बीजाणू धुळीबरोबर उडतात. ते वारंवार छातीत गेले की काहींना बगॅसोसिस हा फुफ्फुसांचा आजार जडतो. काम संपल्यावर चार-आठ तासांनी ताप, खोकला, धाप. 'फ्लू असेल' म्हणून गोळी घेतली जाते आणि माणूस पुन्हा यार्डात हजर!

एन-95 मास्क स्वस्त, लगेच मिळणारा. बीजाणू साधारण एक मायक्रॉनचे, त्यामुळे तो अडवतो. तोंडाला बांधलेला गमछा नाही. पण दाढीवर मास्क नीट बसत नाही, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात घामाने भिजला की तो हनुवटीवरच लटकतो.

फवारा धूळ उडण्याआधीच दाबतो, शिवाय यार्डातल्या सगळ्यांना उपयोगी. मात्र बॉयलरवाले कुरकुरणार, कारण त्यांचं इंधन हेच, आणि ओलं बगॅस नीट जळत नाही. तक्रार रास्तच आहे. म्हणून पाणी ढीग उकरतानाच, उकरल्या जागेपुरतंच आणि बारीक मारायचं. ढीग आठवडाभर भिजवत ठेवला तर जिवाणूंचंच फावतं.

माझं मत फवाऱ्याच्या बाजूने, जोडीला लोडरला बंद केबिन. मास्क हवाच, पण जुना ढीग फोडणाऱ्याला आधी. ज्याला एकदा हा आजार झाला, त्याला मात्र यार्डातून हलवा; त्याच्यासाठी दोन्ही उपाय अपुरे.