‘घर कुठं ओ तुमचं?’ असं आधी विचारणारं रिपेअरीचं दुकान

पाचपैकी चार तारे. पाचवा कुठं गेला ते पुढं येईलच.

दुकान बेळगावात, खडेबाजारातून आत वळणाऱ्या एका बोळात. नाव टाकू नका असं मालकांनीच बजावलंय, म्हणून टाकत नाही. पाटीवर अजून ‘सायबर कॅफे व झेरॉक्स’ आहे, त्यावर जाऊ नका. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. बैलहोंगलकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नड, माझ्याशी मराठी आणि हाताखालच्या पोराला ओरडताना दोन्ही एकदम.

मी उद्यमबागेत कॉम्प्युटरनं चालणाऱ्या सीएनसी मशीनवर कामाला. घरी आल्यावर कॉम्प्युटर हाच नाद. आठ वर्षांपूर्वी एकेक भाग आणून स्वतः जोडलेलं यंत्र आहे, घरातले सगळ्यांचे फोटो त्यावर, म्हणून ते दिवसरात्र चालूच असतं. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं खोड काढली. चालता चालता खट्कन बंद, आणि आपोआप परत चालू. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बघावं तर ‘कर्नल-पॉवर 41’. त्याचा अर्थ एवढाच, की मागच्या खेपेला यंत्र नीट बंद झालं नव्हतं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून ‘वारले’ लिहावं, तसलं.

मग आपले सगळे उपाय झाले. रॅम काढून खोडरबरानं पुसली. प्रोसेसरवरची पेस्ट बदलली. मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, रात्रभर लावला, एक चूक नाही. युपीएसची बॅटरी नवी घातली, तरी तेच. विंडोज पुसून परत टाकलं. एका मोठ्या दुकानात नेलं, तर त्यांनी झाकण न उघडताच ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणून आठ हजार सांगितले.

शेवटी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. दर पाच सेकंदांनी फाइलमध्ये वेळ लिहायची. मध्ये खंड पडला की तिथं यंत्र मेलं. हौस म्हणून वाराचं नाव मराठीत लिहायला लावलं आणि पहिल्याच ‘सोमवार’ला ‘चारमॅप’ची एरर घेऊन प्रोग्रामच मेला. फाइल उघडताना युटीएफ-8, म्हणजे मराठी अक्षरंही साठवता येणारी पद्धत, सांगायला विसरलो होतो. विंडोजवर हे न सांगता चालेल असं मला दरवेळी वाटतं, आणि दरवेळी अर्धा तास जातो. असो. तीन आठवड्यांत एकतीस वेळा बंद पडल्याची नोंद झाली. मध्येच चार दिवस एकदाही नाही. मी त्याच सुमारास ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर बदललेला, त्यामुळं रोग सापडला म्हणून कारखान्यात चहाही पाजला सगळ्यांना. पाचव्या दिवशी परत खट्.

अॅक्टिव्हावर पायांत कॅबिनेट, त्यावर खताची रिकामी पिशवी, वरनं झड, असा अण्णांकडं पोचलो. मी रॅम किती, प्रोसेसर कुठला, सुरू केलं. त्यांनी मध्येच तोडलं.

‘ते असू दे ओ. घर कुठं तुमचं?’

‘वडगाव.’

‘शेजारी माग हाईत?’

‘भिंतीला भिंत लागून. चार पॉवरलूम.’

‘मग मेमटेस्ट रात्री लावून काय करता? रात्री माग बंद की!’

मी खिशातून नोंदीचा कागद काढला. सकाळी साडेआठच्या आसपास, दुपारी जेवणानंतर, आणि लाइट जाऊन आल्यावर. माग सुरू व्हायच्याच वेळा. आणि ते कोरे चार दिवस? शेजारी मुलीचं लग्न होतं. मी स्वतः पंगतीत वाढायला होतो.

मोटर सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट करंट ओढते, त्या क्षणी आमच्या लाइनीचा व्होल्टेज खाली बसतो. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. त्यातला वीज साठवणारा मोठा कपॅसिटर चांगला असेल तर असली उचकी तो पचवतो. साधारण 16-17 मिलिसेकंद आपल्या साठ्यावर यंत्र ओढायची त्याची ताकद असते. साधा ऑफलाइन युपीएस बॅटरीवर जायला पाच-दहा मिलिसेकंद घेतो, तेवढ्यात हे भागतं. कपॅसिटर म्हातारा झाला की भागत नाही. म्हणून नव्या बॅटरीनंही माझं काही झालं नाही.

हे त्यांनी नुसतं सांगितलं नाही, दाखवलं. माझं यंत्र डिमरस्टॅटवर, म्हणजे मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायच्या उपकरणावर, जोडलं आणि 230 वरनं मूठ झटक्यात खाली आणून परत वर नेली. खट्. त्यांचा जुना एसएमपीएस लावून तेच केलं, यंत्राला पत्ताही नाही. मग माझा उघडून कपॅसिटरची फुगलेली टोपी दाखवली. उघडल्यावर आधी तो कपॅसिटर रिकामा करून घेतला. घरी कुणी हा उद्योग करू नका. प्लग काढल्यावरही आत सव्वातीनशे व्होल्ट बसून असू शकतात.

नवा एसएमपीएस चोवीसशे, तपासणीचे दोनशे. दोन महिने झाले, नोंदवहीत एकही खंड नाही. मोठा, बॅटरीवर जायला वेळच न घेणारा ऑनलाइन युपीएस घेऊ का विचारलं तर ‘कशाला पैसे घालताय?’ म्हणाले.

मेव्हण्याची टकटक वाजणारी हार्ड डिस्कही नेली होती. हात लावला नाही. परत चालू करू नका, फोटो हवे असतील तर ते काम करणाऱ्यांकडं पाठवा, एवढंच सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत.

आता तो तारा. फोन उचलत नाहीत. ‘उद्या या’ म्हणजे गुरुवार, मग आज कुठलाही वार असो. दोन ते चार शटर अर्धं खाली. बिल मागितलं तर कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून दिलं. वॉरंटीसाठी पक्कं पाहिजे म्हटल्यावर तोंड वाकडं करून जीएसटीचं काढलं. ते घ्याच. कारण एसएमपीएसवाल्या कंपनीच्या साइटवर राज्य कर्नाटक निवडलं की सर्व्हिस सेंटर हुबळी दाखवते, महाराष्ट्र निवडलं की कोल्हापूर, आणि आम्ही दोन्हीपासून शंभरेक किलोमीटरवर.

माझा नोंदीचा प्रोग्राम अण्णांना आवडला, गिऱ्हाइकांच्या यंत्रात टाकून देतो म्हणाले. पेनड्राइव्हवर दिला. त्यांच्या काउंटरवरच्या यंत्रात, जुन्या प्रिंटरसाठी जपलेलं विंडोज 7. तिथं पायथॉन 3.8 च्या पुढं जात नाही, आणि मी तर सगळं नव्यात लिहिलेलं. शनिवारी जाऊन बदलून द्यायचंय. दोनच्या आधी.